अंधारातही पाहणारा पातळ थर

टीव्हीचा रिमोट हातात घ्यावा, त्याचे टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरावे आणि कोणतेही बटण दाबून ठेवावे. उघड्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. मोबाइलच्या पडद्यावर मात्र रिमोटच्या टोकाशी जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकू लागतो. (काही मोबाइलमध्ये असे किरण अडवणारी गाळणी फार कडक असते, तेथे हा प्रयोग फसतो.) रिमोटमधून निघणारे हे किरण सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजेच अवरक्त असतात. माणसाची दृष्टी साधारण ७०० नॅनोमीटरपाशी संपते, तर कॅमेऱ्यातील सिलिकॉन १,१०० नॅनोमीटरपर्यंत मजल मारते. त्यामुळे जे डोळ्याला दिसत नाही ते मोबाइलला दिसते.

आता तोच मोबाइल पूर्ण अंधाऱ्या खोलीत नेऊन समोर बसलेल्या माणसावर रोखला, तर पडदा काळाच राहतो. वास्तविक माणसाच्या शरीरातून अवरक्त किरण अखंड बाहेर पडत असतात आणि त्यांची एकूण ऊर्जा रिमोटच्या किरणांपेक्षा कितीतरी अधिक असते. फरक आहे तो तरंगलांबीचा. शरीराच्या उष्णतेचे किरण ९ ते १० मायक्रॉनच्या, म्हणजे ९,००० ते १०,००० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रखर असतात आणि तेथे सिलिकॉन पूर्णपणे आंधळे असते.

मोबाइलमधला कॅमेरा काही शे रुपयांच्या सुट्या भागांतून तयार होतो. पण शरीराची उष्णता बारकाईने टिपणाऱ्या, अतिथंड करून वापरायच्या कॅमेऱ्याची किंमत लाखो रुपयांत जाते. लेन्स किंवा संगणकीय प्रणाली हे या तफावतीचे मुख्य कारण नव्हे. केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ असलेल्या एका अर्धवाहक थरात त्याचे मूळ आहे.

उंबरठ्याचा हिशेब

प्रकाश ऊर्जेच्या सुट्या पुडक्यांच्या रूपात येतो. या पुडक्याला फोटॉन म्हणतात. तरंगलांबी जितकी मोठी, तितकी फोटॉनची ऊर्जा कमी. अर्धवाहक पदार्थात इलेक्ट्रॉन अणूंशी बांधलेले असतात आणि त्यांना मोकळे होण्यासाठी ऊर्जेचा एक ठरावीक उंबरठा ओलांडावा लागतो. या उंबरठ्याला ऊर्जाफट असे नाव आहे. फोटॉनची ऊर्जा उंबरठ्याहून अधिक असेल तर इलेक्ट्रॉन सुटतो, विद्युत्प्रवाह वाहतो आणि प्रकाश 'दिसतो'. ऊर्जा कमी पडली, तर फोटॉन पदार्थातून जणू काचेतून जावा तसा आरपार निघून जातो.

हिशेब अगदी सोपा आहे. १.२४ या संख्येला इलेक्ट्रॉन व्होल्टमधील ऊर्जाफटीने भागले, की त्या पदार्थाच्या दृष्टीची सीमा मायक्रॉनमध्ये मिळते. सिलिकॉनची ऊर्जाफट १.१२, म्हणून सीमा १.१ मायक्रॉन. लेड सल्फाइडची, म्हणजे शिसे आणि गंधकाच्या संयुगाची, फट सुमारे ०.४१, सीमा ३ मायक्रॉन. शरीराची उष्णता पाहायची, तर ०.१२ किंवा त्याहून कमी ऊर्जाफटीचा पदार्थ हवा.

मग असा पदार्थ शोधला की काम झाले, असे वाटण्याचा संभव आहे. पण खरी अडचण तेथूनच सुरू होते. उंबरठा खाली आणला की तो ओलांडायला प्रकाशाची गरजच उरत नाही. पदार्थाच्या स्वतःच्या उष्णतेनेच इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि काळोखातही प्रवाह वाहतो. याला अंधारप्रवाह म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या दणदणाटात शेजारच्याची कुजबुज ऐकण्यासारखी ही स्थिती असते. कान कितीही तिखट असले तरी उपयोग नसतो. आधी फटाके थांबायला हवेत. म्हणून असे संवेदक द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागतात.

थर पातळ का, याचे उत्तरही येथेच मिळते. अंधारप्रवाह पदार्थाच्या आकारमानाबरोबर वाढतो. जितका पदार्थ जास्त, तितका गोंगाट जास्त. उलटपक्षी, येणारा प्रकाश पूर्ण शोषला जाईल एवढी जाडी तर हवीच. सिलिकॉन या बाबतीत आळशी आहे. ९४० नॅनोमीटरचा प्रकाश मुरायला त्यात पन्नासहून अधिक मायक्रॉन खोली लागते. इंडियम गॅलियम आर्सेनाइड किंवा पारा-कॅडमियम-टेल्युराइड यांसारखी संयुगे मात्र काही मायक्रॉनमध्येच प्रकाश गिळून टाकतात. त्यामुळे त्यांचा ठोकळा लागत नाही. भक्कम आधारावर चढवलेला थर पुरतो.

घरापर्यंत फायबर इंटरनेट घेतलेल्या कुटुंबांकडे असा एक थर आधीच पोहोचला आहे. भिंतीवरच्या छोट्या पेटीत शिरणाऱ्या काचेच्या तंतूतून १,४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश येतो. सिलिकॉनला तो दिसत नाही. तो वाचतो इंडियम फॉस्फाइडच्या चकतीवर वाढवलेला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा अवघ्या काही मायक्रॉनचा थर. या थराची सीमा १.७ मायक्रॉनच्या जवळ आहे, आणि ऊर्जाफट तुलनेने मोठी असल्याने तो घरच्या तापमानालाही विनातक्रार काम करतो.

सेलेनियमपासून तेजोमीटरपर्यंत

या शास्त्राची सुरुवात अपघाताने झाली. १८७३ मध्ये विलोबी स्मिथ हे ब्रिटिश अभियंते समुद्राखालील तारायंत्राच्या तारांची चाचणी घेत होते. त्यासाठी त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या होत्या. पण त्यांचा विद्युतरोध काही केल्या स्थिर राहीना. कांड्या ठेवलेल्या पेटीचे झाकण उघडले की रोध कमी होई, बंद केले की वाढे. प्रकाश पडल्याने पदार्थाची विद्युतवाहकता बदलते, हे अशा रीतीने उघड झाले. सात वर्षांनी, १८८० मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी सेलेनियमच्याच आधारे प्रकाशझोतावरून आवाज पाठवणारा 'फोटोफोन' तयार केला. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्स यांनी धातूच्या पत्र्यावर सेलेनियमचा पातळ थर देऊन त्यावर प्रकाश आरपार जाईल इतका तलम सोन्याचा वर्ख चढवला. पातळ थराच्या प्रकाशसंवेदकाचा हा मूळ आराखडा म्हणायला हरकत नाही. तळाशी धातू, मध्ये अर्धवाहक आणि वर पारदर्शक विद्युतवाहक, ही रचना आजही टिकून आहे.

या इतिहासात कोलकात्याचे स्थान मोठे आहे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजावर धातूचे टोक टेकवून विद्युत्लहरी पकडणारा संवेदक बनवला. हे खनिज म्हणजे नैसर्गिक लेड सल्फाइडच होय. बोस यांनी ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज केला आणि २९ मार्च १९०४ रोजी त्यांना ७,५५,८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. हा संवेदक रेडिओलहरींना जसा प्रतिसाद देई तसा प्रकाशालाही देई. बोस यांनी त्याला 'तेजोमीटर' असे नाव दिले होते. पेटंट आणि त्यातून मिळणाऱ्या पैशाविषयी ते मुळातच उदासीन होते. अर्धवाहक संवेदकाची पहिली कल्पना त्यांची, ही नोंद पुढे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनी जेराल्ड पीअरसन यांच्यासह १९५५ मध्ये लिहिलेल्या इतिहासलेखात झाली.

अवरक्त प्रकाशासाठी मुद्दाम बनवलेला थर मात्र युद्धाने आणला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, अमेरिकेचे थिओडोर केस यांनी थॅलियम सल्फाइडचा संवेदक तयार केला. शत्रूला न दिसणाऱ्या किरणांनी संदेश पाठवणे हा त्याचा हेतू होता. त्यानंतर बर्लिनमध्ये एडगर कुट्शर यांनी १९३३ मध्ये लेड सल्फाइड ३ मायक्रॉनपर्यंतचे किरण ओळखते, असे दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने त्यावर गुप्तपणे काम केले, तर अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील रॉबर्ट कॅशमन यांनी तोच मार्ग धरला. बोस यांचे खनिज आता काचेवरच्या एका चकचकीत करड्या थराच्या रूपात परतले होते.

या थराने लवकरच रक्त पाहिले. अमेरिकेच्या 'साइडवाइंडर' क्षेपणास्त्राच्या नाकात लेड सल्फाइडचाच संवेदक होता. भक्ष्याच्या शरीराची उष्णता ओळखणाऱ्या एका वाळवंटी सापाचे नाव या क्षेपणास्त्राला देण्यात आले, हे यथार्थच होते. २४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या हवाई दलाने चिनी मिग विमानांवर ते डागले. हवाई युद्धातील त्याचा हा पहिला वापर. त्याचे सुरुवातीचे रूप बरेच अधू होते. संवेदक थंड केलेला नसल्याने त्याला इंजिनाचे तापून लाल झालेले धुराडेच तेवढे दिसे. म्हणून शत्रूच्या पाठीमागूनच मारा करावा लागे आणि सूर्य समोर आला की क्षेपणास्त्र त्याच्याच दिशेने भरकटण्याची भीती असे.

तोच थर पुढे आकाशाकडे वळला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गेरी न्यूगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन यांनी फिरत्या भांड्यात इपॉक्सी ओतून सुमारे दीड मीटर व्यासाचा स्वस्त आरसा घडवला आणि त्याला द्रव नायट्रोजनने थंड केलेले लेड सल्फाइडचे संवेदक जोडले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूचीत २.२ मायक्रॉनला चमकणाऱ्या ५,६१२ ज्योतींची नोंद आहे. त्यांतील अनेक तारे दृश्य प्रकाशात जवळजवळ दिसतच नव्हते.

पातेल्यात जमणारा थर

लेड सल्फाइडचे एक वैशिष्ट्य असे, की त्याचा थर बनवायला महागडी यंत्रे लागत नाहीत. लेड ॲसिटेट, थायोयुरिया आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या पाण्यातील द्रावणात काचेची पट्टी उभी करून ठेवली, तर थोड्या वेळाने तिच्यावर आरशासारखा गडद थर धरू लागतो. याला रासायनिक स्नानाची पद्धत म्हणतात. मात्र असा ताजा थर संवेदक म्हणून फारसा कामाचा नसतो. तो ऑक्सिजनच्या सान्निध्यात तापवावा लागतो, तेव्हा कुठे तो प्रकाशाला नीट प्रतिसाद देऊ लागतो. अनेक दशके हे कृतीने ठाऊक होते आणि त्यामागची कारणे नंतर हळूहळू उलगडत गेली. कुशल कारागिराच्या हातखंड्यासारखाच हा प्रकार होता.

या पद्धतीच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांवरील संशोधनाची जुनी परंपरा असून, रासायनिक स्नान आणि तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारणे या दोन्ही कमी खर्चाच्या पद्धतींवर तेथे प्रदीर्घ काम झाले आहे. सी. डी. लोखंडे यांनी १९९१ मध्ये लिहिलेला धातूंच्या सल्फाइड व सेलेनाइड थरांविषयीचा आढावा लेख या विषयातील संशोधक आजही संदर्भासाठी उघडतात. प्रयोगशाळेतला थर आणि बाजारातला संवेदक यांत मोठे अंतर असते, हे खरे. परंतु कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीविना पदार्थविज्ञानाच्या आघाडीवर काम करता येते, हे या शाखेने ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या काही पिढ्यांना दाखवून दिले.

पाऱ्याचे मिश्रण आणि 'वेब'ची दुखरी नस

लेड सल्फाइड ३ मायक्रॉनपाशी थांबते. त्यापलीकडे जाण्याचा राजमार्ग १९५९ मध्ये इंग्लंडमधील मॉल्व्हर्न येथील रडार संशोधन केंद्रात सापडला. लॉसन, नील्सन, पुटली आणि यंग या चौघांनी दोन संयुगांचे मिश्रण करून पाहिले. कॅडमियम टेल्युराइडची ऊर्जाफट १.५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आहे. मर्क्युरी टेल्युराइडला ऊर्जाफटच नाही. ते जवळजवळ धातूसारखे वागते. दोघांचे प्रमाण बदलत गेले, की मधली हवी ती फट मिळते. शिवाय दोन्ही संयुगांच्या अणूंची जाळी जवळपास सारख्याच मापाची असल्याने मिश्रण करताना थरात ताण येत नाही. निसर्गाने क्वचितच दिलेली ही सवलत आहे. १ मायक्रॉनपासून १२ मायक्रॉनच्याही पुढे, कोणतीही सीमा आता मागणीनुसार ठरवता येऊ लागली.

परंतु हे मिश्रण अतिशय नाजूक आहे. पारा मुळात बाष्प होऊन निसटू पाहतो, त्यामुळे थर चढवताना तापमान सांभाळावे लागते. कॅडमियमचे प्रमाण अवघे ०.२ टक्के इकडचे तिकडे झाले, तरी १० मायक्रॉनजवळची सीमा सुमारे पाव मायक्रॉनने सरकते. एकाच चौकटीतील लाखो पिक्सेलमध्ये हे प्रमाण सारखे ठेवायचे असते. आधारासाठी लागणारी कॅडमियम झिंक टेल्युराइडची चकती स्वतःच महाग आणि आकाराने लहान. त्यात शीतकरणाचे यंत्र. लाखो रुपयांची किंमत या साऱ्यातून उभी राहते.

हा नाजूकपणा किती महागात पडू शकतो, याचा अनुभव 'जेम्स वेब' अवकाश दुर्बिणीला आला. या दुर्बिणीच्या १ ते ५ मायक्रॉनच्या उपकरणांत पारा-कॅडमियम-टेल्युराइडच्या चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीत २,०४८ गुणिले २,०४८, म्हणजे सुमारे ४२ लाख पिक्सेल. अर्धवाहकाचा थर प्रकाश पकडतो आणि त्याखालची सिलिकॉनची चकती संकेत वाचते. दोघांना जोडण्यासाठी प्रत्येक पिक्सेलला इंडियम या मऊ धातूचा एक सूक्ष्म ठिपका असतो. म्हणजे एका चौकटीत असे ४२ लाख सांधे.

उड्डाणाला बराच अवकाश असताना, २०१० मध्ये, एक गंभीर बाब लक्षात आली. तयार करून ठेवलेल्या चौकटींतले निकामी पिक्सेल नुसत्या साठवणुकीतच वाढत चालले होते. कोणी त्यांना हातही लावला नव्हता. शोध घेतल्यावर दोष सांध्याच्या रचनेत निघाला. इंडियम आणि अर्धवाहक यांच्यामध्ये असायला हवा तो अडसराचा थर पुरेसा घट्ट नव्हता, त्यामुळे इंडियम हळूहळू आत झिरपून पिक्सेल नासवत होते. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाणाऱ्या या दुर्बिणीची अवकाशात दुरुस्ती अशक्य. ज्या चौकटी दुर्बिणीचा डोळा ठरणार होत्या, त्या उड्डाणाआधीच मोतीबिंदू झाल्यासारख्या अधू होऊ लागल्या होत्या. अडसराच्या थराची रचना बदलून नव्या चौकटी घडवण्यात आल्या. २५ डिसेंबर २०२१ रोजी दुर्बीण अवकाशात झेपावली, ती या नव्या चौकटी घेऊन. जगभर कौतुकाने पाहिल्या गेलेल्या तिच्या छायाचित्रांमागे असा एक न दिसणारा थर आहे. दुर्बिणीच्या पाच पदरी सूर्यछत्रीचे मुख्य कामही या संवेदकांना आणि आरशांना थंड ठेवणे, हेच.

भारतात याच जातीचे संवेदक हिमालयात कार्यरत झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेले 'टिरस्पेक' हे उपकरण २०१३ मध्ये लडाखमधील हानले येथील दोन मीटरच्या चंद्रा दुर्बिणीवर बसवण्यात आले. त्यात १,०२४ गुणिले १,०२४ पिक्सेलची पारा-कॅडमियम-टेल्युराइडची चौकट आहे. हानलेची उंची सुमारे साडेचार हजार मीटर. तेथे एवढी खटपट कशासाठी, तर हवेतील बाष्प अवरक्त किरण गिळून टाकते आणि लडाखच्या कोरड्या हवेत ते अत्यल्प असते. मुंबईच्या दमट हवेत हे उपकरण ठेवले असते, तर ताऱ्यांआधी त्याला कुलाब्याचे बाष्पच दिसले असते.

पावसाळ्यात दूरचित्रवाणीवर रात्रीच्या ढगांची उपग्रहचित्रे दाखवली जातात, तीही अवरक्त दृष्टीची देणगी. २६ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या 'इन्सॅट-३डी' उपग्रहाच्या छायाचित्रकात दृश्य प्रकाशाची एक, तर अवरक्ताच्या पाच पट्ट्या ठेवण्यात आल्या होत्या. त्यांतील १०.२ ते १२.५ मायक्रॉनमधील दोन पट्ट्या ढगांच्या माथ्याचे तापमान सांगत. माथा जितका थंड, तितका ढग उंच आणि पाऊस जोरदार होण्याची शक्यता अधिक.

कोणाला पाहू द्यायचे?

काळोखात पाहण्याची शक्ती ज्याच्याकडे, त्याचे रणांगणावर पारडे जड. साहजिकच अवरक्त चौकटी ही उघड्या बाजारात मुक्तपणे मिळणारी वस्तू कधीच नव्हती. लष्करी आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तूंची निर्यात नियंत्रित करणाऱ्या वासेनार व्यवस्थेच्या याद्यांत त्यांचा समावेश आहे. भारत या व्यवस्थेचा सदस्य झाला तो डिसेंबर २०१७ मध्ये. तत्पूर्वीपासून संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतील सॉलिड स्टेट फिजिक्स प्रयोगशाळेत पारा-कॅडमियम-टेल्युराइडवर काम सुरू होते, ते उगाच नव्हे. विकत घेता येत नाही ते घरी करावे लागते.

या नियंत्रणाची एक मजेशीर खूण सामान्य ग्राहकालाही दिसते. बाजारात मिळणाऱ्या अनेक उष्णता-कॅमेऱ्यांवर सेकंदाला नऊच चित्रे, अशी मर्यादा असते. पडद्यावरची हालचाल त्यामुळे अडखळत दिसते. यंत्राची क्षमता कमी म्हणून ही मर्यादा आलेली नाही. ९ चित्रांपर्यंतच्या कॅमेऱ्यांना अमेरिकेच्या निर्यात नियमांत सवलत आहे, म्हणून उत्पादक मुद्दाम वेग रोखतात. धावत्या लक्ष्याचा वेध घ्यायला नऊ चित्रे अपुरी, पण भिंतीतली ओल किंवा तापलेली वीजजोडणी शोधायला पुरेशी, असा त्यामागचा तर्क.

हे स्वस्त कॅमेरे वेगळ्या तत्त्वावर चालतात आणि काटेकोरपणे बोलायचे तर ते प्रकाशसंवेदक नव्हेतच. त्यांत व्हॅनेडियम ऑक्साइड किंवा अस्फटिकी सिलिकॉनचा तलम पडदा सूक्ष्म पायांवर अधांतरी उभारलेला असतो. अवरक्त किरण पडले की पडदा तापतो आणि त्याचा विद्युतरोध एका अंशाला सुमारे दोन टक्के बदलतो. समोरच्या वस्तूचे तापमान एका अंशाने वाढले, तर पडद्याचे तापमान जेमतेम अंशाच्या शंभराव्या भागाइतके वाढते; तेवढा बदल मोजला की झाले. शीतकरण लागत नाही, म्हणून किंमत आवाक्यात येते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत विमानतळांवर आणि कार्यालयांच्या दारांत उभे राहिलेले कॅमेरे याच जातीचे होते. ते त्वचेचे तापमान मोजत, शरीराच्या आतील ताप नव्हे. भर उन्हातून चालत आलेला निरोगी माणूस त्यांना तापलेला वाटे आणि लक्षणे नसलेला रुग्ण बिनदिक्कत आत जाई. तो दोष संवेदकाचा नव्हता. त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवली गेली होती.

छातीएवढा संवेदक

दृश्य प्रकाशासाठी सिलिकॉनची चकती असताना पातळ थरांचे काय काम, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात आहे. क्ष-किरणांना साध्या लेन्सने एकत्र आणता येत नाही, त्यामुळे छातीचे चित्र घ्यायचे तर संवेदकही छातीएवढाच, सुमारे ४३ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा लागतो. सिलिकॉनची मोठ्यात मोठी प्रचलित चकती ३० सेंटिमीटर व्यासाची. तेव्हा काचेवर थर देण्याला पर्याय नव्हता.

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात वॉल्टर स्पिअर आणि पीटर लकोंबर यांनी अस्फटिकी सिलिकॉनमध्ये हवी ती अशुद्धी मिसळून त्याची वाहकता हवी तशी बदलता येते, हे दाखवले आणि ही वाट खुली झाली. सायलेन वायूपासून दोन-तीनशे अंशांना काचेवर जमणाऱ्या या थरातील अणूंची रचना विस्कटलेली असते. त्यांतील मोकळे दुवे हायड्रोजन बुजवतो. ऊर्जाफट १.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सीमा ०.७ मायक्रॉन, जवळजवळ मानवी डोळ्याइतकीच. क्ष-किरण आधी सिझियम आयोडाइडच्या थरावर पडतात, तेथे हिरवट प्रकाश उमटतो आणि खालचे अस्फटिकी सिलिकॉन तो टिपते. फिल्म धुण्याची वाट पाहणे त्यामुळे संपले. छायाचित्र काही सेकंदांत डॉक्टरांच्या पडद्यावर येते.

सेलेनियमही निवृत्त झालेले नाही. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या 'झेरॉक्स ९१४' या पहिल्या यशस्वी छायाप्रत यंत्राच्या नळकांड्यावर अस्फटिकी सेलेनियमचाच थर होता. मराठीत छायाप्रतीला झेरॉक्स हे नाव चिकटले ते त्याच कंपनीमुळे. पुढे छायाप्रत यंत्रांत सेलेनियमची जागा सेंद्रिय थरांनी घेतली. पण स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीसाठीच्या काही यंत्रांत ते परतले. तेथे ते क्ष-किरणांचे थेट विद्युतभारात रूपांतर करते. मधली प्रकाशाची पायरी गळल्याने चित्र पसरट होत नाही आणि अगदी बारीक कॅल्शियमचे कणही उठून दिसतात.

पुन्हा शिसे

पारा, कॅडमियम आणि महागड्या चकत्या यांच्यापासून सुटका कशी करायची, या प्रश्नावर सध्या सर्वाधिक भर आहे तो पुंज-बिंदूंवर, म्हणजे क्वांटम डॉट्सवर. अर्धवाहकाचा कण काही नॅनोमीटरइतका लहान केला की त्याची ऊर्जाफट आकारावर अवलंबून राहते. लेड सल्फाइडचा ३ नॅनोमीटरचा कण सुमारे १ मायक्रॉनपर्यंत पाहतो, तर साडेपाच-सहा नॅनोमीटरचा दीड मायक्रॉनपर्यंत. रसायन तेच, बदलतो तो फक्त आकार. पुंज-बिंदूंच्या शोधाबद्दल मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कणांची शाई करता येते आणि ती तयार सिलिकॉन चकतीवर थेट पसरता येते. इंडियमचे लाखो सांधे नकोत, वेगळी महाग चकती नको, सारखी जाळी जुळवण्याची कटकट नको. २००६ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील एडवर्ड सार्जंट यांच्या गटाने अशा शाईतून बनवलेला अत्यंत संवेदनशील संवेदक जगापुढे ठेवला. त्यानंतर 'स्वीर व्हिजन सिस्टिम्स' या अमेरिकी कंपनीने असे कॅमेरे विक्रीस आणले आणि २०२४ मध्ये 'ऑनसेमी' या मोठ्या चिप उत्पादकाने ती कंपनीच विकत घेतली. धुक्यातून रस्ता पाहणे, कचऱ्यातील प्लास्टिकचे प्रकार ओळखणे, सफरचंदाच्या सालीआडचा डाग शोधणे, अशी कामे १ ते २ मायक्रॉनच्या या पट्ट्यात होऊ शकतात. मात्र अंधाऱ्या खोलीतल्या माणसाच्या शरीराची उष्णता त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यासाठी अजून पारा किंवा अधांतरी पडदा यांच्याकडेच जावे लागते.

शिसे विषारी आहे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर युरोपात निर्बंध आहेत, ही या मार्गातील एक अडचण. दुसरी हवेची आहे. कणांचा बहुतेक भाग पृष्ठभागच असल्याने ऑक्सिजन त्यांना पटकन कुरतडतो आणि त्यांची सीमा सरकत जाते. म्हणून थरावर पक्के आवरण घालून तो हवेपासून जपावा लागतो. जुन्या लेड सल्फाइडच्या थराला काम करते करण्यासाठी जो ऑक्सिजन मुद्दाम द्यावा लागे, त्याच्यापासूनच नव्या थराला दूर ठेवण्याची खटपट प्रयोगशाळांत चालू आहे.